पश्चात

परक्या देशात शिवलेल्या संकेतस्थळाच्या टेम्प्लेटात मराठी बसवायला घेतली, की पहिला मार वेलांट्या-उकारांना बसतो. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर काही नाही नि पायाशी काही नाही. त्यांच्या ओळी दाटीवाटीनं उभ्या राहिल्या तरी चालतं. मराठी ओळ तशी उभी केली, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात आणि ‘कीर्तन’मधला रफार पार उडून जातो. ऋतुजाला हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की नवं टेम्प्लेट हातात आलं की ती आधी ओळींमध्ये जागा करायची आणि मगच बाकीच्या कामाला हात घालायची.

काम तसं सांगायला सोपं. कुणीतरी तयार करून विकलेलं देखणं पान घ्यायचं. त्यात नाव, फोटो, तारीख, सगळं भिंतीवर रंगवावं तसं पक्कं लिहिलेलं असतं. ते एकेक खरवडून काढायचं आणि त्या जागी रिकामा रकाना ठेवायचा. मग ज्याचं संकेतस्थळ, त्यानं मागच्या दारानं आत यायचं, रकाने भरायचे, की पुढं पान आपोआप उभं राहतं. ह्या मागच्या दाराच्या व्यवस्थेला सीएमएस म्हणतात. आईला समजावताना ऋतुजा म्हणाली होती, “चौरंग आपण मांडायचा, देव ज्याचा त्यानं आणून बसवायचा.” बायनाबाईंना ते लगेच पटलं. पोरगी दिवसभर चौरंग मांडते, असंच त्या शेजारी सांगायच्या.

हे काम तिला रामनं शिकवलं. राम तिचा थोरला भाऊ. परळीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोघांनी मिळून एक गाळा घेतला होता, बाहेर पाटी होती, दोन खुर्च्या होत्या. आता गाळा नाही आणि रामही नाही. राम पुण्याला. त्याच्या जाण्याचं कारण यशोधरा.

यशोधरा अंबाजोगाईची, बौद्ध घरातली, दवाखान्यात परिचारिका. रामनं तिच्याशी लग्न केलं आणि मग घरी येऊन सांगितलं. वडील, आप्पा, तेव्हा उंबऱ्यात उभे होते. आप्पांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेली. उसाची गाडी काट्यावर चढली, आकडा आला, आप्पांनी तो मोठ्यानं सांगितला की संपलं. मग मालक रडो, ड्रायव्हर पाया पडो, आकडा बदलायचा नाही. “काटा झाला,” एवढंच म्हणायचे. घरातही तसंच. त्या दिवशी ते म्हणाले, “ती पोरगी ह्या उंबऱ्याच्या आत आली, तर त्या दिशी माझं मढं भाएर जाईल.”

“मग आता तुमच्या मातीलाच येतो,” राम म्हणाला आणि गेला.

तो शब्द घरात राहिला. औष्णिक वीजकेंद्राची राख जशी परळीत कुणाच्याही खिडकीत बसते, सकाळी पुसली तरी दुपारी पुन्हा बोट फिरवलं की निघते, तसा तो शब्द. मातीलाच. ऋतुजाचं नाव रामनं फोनमधून काढून टाकलं होतं, कारण तिनंही त्या दिवशी तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. भावाच्या लग्नाचं कळल्यावर तिची दोन स्थळं आपोआप गप्प झाली, त्याचंही कुणी बोललं नाही. बोलण्यासारखं एकच होतं. डॉक्टरांनी आप्पांच्या छातीचं काही बरं सांगितलं नव्हतं. रामनं यायचं, तर आप्पा आहेत तोवर यायला हवं होतं.

श्रावणातला सोमवार होता. आप्पा न्हाणीतून बाहेर आले, टोपी अजून खुंटीलाच होती, आणि एक कावळा त्यांच्या उघड्या डोक्याला शिवून गेला.

आप्पा हसले. “त्येला टक्कल बघून दगड वाटला असंल.”

बायनाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातातलं सुपलं खाली आलं. त्यांचं माहेर धारूरकडच्या डोंगरकडेचं. तिकडं कावळा शिवणं म्हणजे यमानं खांद्यावर हात ठेवून बघणं. आप्पा मंदिराकडे गेले तशा त्या ऋतुजाजवळ येऊन बसल्या.

“आमच्यात कावळा शिवला की माणूस गेल्याचा खोटा सांगावा धाडत्यात. रक्ताच्या माणसाला. ते खऱ्या डोळ्यानं रडलं पायजे. मग सांगायचं, खोटं हाय, बरा हाय माणूस, आन् गूळ वाटायचा. दोष त्या रडण्यात वाहून जातो.”

“रडणार कोण, आई?”

“तुला म्हायती हाय कोण.”

ऋतुजानं लॅपटॉपवरून हात काढले. आईच्या डोळ्यांत भीती होती, पण भीतीच्या मागं आणखी काहीतरी उभं होतं. मातीलाच येईन म्हणाला ना? मग मातीच सांगू. तोंड बघितलं की बापाचंही मन फिरेल, लेकाचंही.

“माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. नेम हाय माझा.”

चातुर्मासात ऋतुजा दरवर्षी एक नेम धरायची. कधी मौनानं जेवायची, कधी एक धान्य सोडायची. ह्या वर्षी वैजनाथाच्या पायरीवर बेल वाहून तिनं धरला होता खोटं न बोलण्याचा नेम. वाटला होता त्यापेक्षा कितीतरी अवघड निघाला.

“तू बोलूच नकोस ना,” बायनाबाई म्हणाल्या. “तुज्या यंत्रात कायबाय लिवतीस की नमुन्याचं. परवा त्या गोऱ्या म्हाताऱ्याला मारून ठिवलाच की.”

“तो टेम्प्लेटातला हाय. नमुना हाय तो.”

“मग ह्यांचा बी नमुनाच कर. गोऱ्याचं कोण रडतंय हितं?”

गोऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट खरी होती. बीडच्या सुंदररावांचं बातम्यांचं पोर्टल होतं आणि त्यांना त्यात निधनवार्तांचं वेगळं पान हवं होतं. लोक बातम्या वाचोत न वाचोत, कोण गेलं ते वाचतातच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी विकत घेऊन पाठवलेल्या टेम्प्लेटात एक दात दाखवत हसणारा परदेशी म्हातारा होता आणि त्याच्याखाली कुणालाच न कळणारा लॅटिन मजकूर. ऋतुजाला तिथं मराठी नमुना घालायचाच होता. त्याशिवाय उकार कुठं कापले जातात ते दिसत नाही. कुणाचं तरी नाव लागणारच होतं.

नमुना खरा नसतो. खरा नसतो म्हणून तो खोटाही नसतो. मन एकदा पळवाट शोधायला निघालं की त्याला ती देवाच्या पायरीवरही सापडते.

ती लिहायला बसली. फोटोच्या जागी आप्पांचा टोपीतला फोटो आला. खाली मजकूर आला: परळी वैजनाथ येथील अंगदराव ऊर्फ आप्पा यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. अंत्यविधी उद्या सकाळी. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, मुलगी असा परिवार आहे.

बोटं सवयीनं चालली होती. सगळ्या निधनवार्ता अशाच संपतात. मग तिची नजर त्या एका शब्दावर अडली. सून. ह्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. तिनं पुसायला बोट नेलं आणि थांबली. सारं पान नमुन्याचं होतं, पण एवढा एक शब्द नमुन्याचा नव्हता. तो पुसला तर मात्र खोटं होईल, असं तिला वाटलं. तिनं राहू दिला.

पडद्यावर ‘सू’चा उकार तळाशी कापला जात होता. अक्षर लंगडं दिसत होतं. तिनं ओळींमधलं अंतर वाढवलं, पुन्हा बघितलं, आणखी थोडं वाढवलं. सून पूर्ण दिसेपर्यंत.

पान चाचणीच्या पत्त्यावर चढलं. लिंक तिनं आईच्या फोनवर टाकली. पुढं बायनाबाईंनी स्वतः, तडकलेल्या काचेवर अंगठा दाबून, ती रामला धाडली. धाडताना डोक्यावर पदर घेतला.

थोड्या वेळानं दोन खुणा निळ्या झाल्या.

“बघितलं त्यानं,” ऋतुजा म्हणाली.

“रडला असंल का गं?”

“मला काय दिसतंय हितून?”

बायनाबाईंनी फोन लावला. रामनं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन आल्यासारखं झालं. “रडतोय. रडताना माणूस बोलत न्हाई. आता लौकर फिरव बाई, लई वेळ मेलेलं ठिवू नये माणसाला.”

“फोनवरच सांगू की. लिहून धाडते तुझ्या फोनवरनं.”

“न्हाई. ज्या वाटंनं सांगावा गेला त्याच वाटंनं माघारी आणायचा. वाट बदलली की दोष मधीच राहतो. तू त्याच पानावर लिव.”

ऋतुजानं ऐकलं. तसंही तिला ते पान खरवडायचंच होतं. तिनं आप्पांचं नाव काढलं, तिथं नावाचा रकाना बसवला. गाव काढलं, रकाना. फोटो काढला, रकाना. एकेका ओळीनिशी आप्पा मरणातून बाहेर येत होते आणि तिला कामात कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं. मग मागच्या दारानं आत जाऊन तिनं पहिलीच नोंद भरली: आप्पा सुखरूप आहेत. आधीचा मजकूर नमुन्याचा होता. दादा, तू घरी ये. पान ताजं केलं. पडद्यावर स्वच्छ, उकार-वेलांट्यांसकट, आप्पा सुखरूप होते.

बायनाबाईंनी तीच लिंक पुन्हा धाडली. पुन्हा खुणा निळ्या झाल्या. त्यानंतर रामचा फोन बंद लागायला लागला, पण त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. सांगावा जाऊन माघारी आला होता. बायनाबाईंनी आप्पांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

“कशाचा?”

“श्रावणाचा,” बायनाबाई म्हणाल्या. त्यांना कसला नेम नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजा अंगणात तुळशीची पानं ओल्या फडक्यानं पुसत होती. राख बसली की तुळस गुदमरते, म्हणून हे काम रोजचं. दारात रिक्षा थांबली. आतून एक माणूस उतरला, डोकं गुळगुळीत, मिशी नाही. तिनं त्याला ओळखलं नाही. त्याच्यामागून पांढऱ्या लुगड्यातली बाई उतरली. मग त्या माणसानं चप्पल रस्त्यातच काढली आणि तो अनवाणी आत आला, आणि चालण्यावरून तिला कळलं.

“दादा?”

“माणसं कुठायत?” रामचा आवाज बसला होता. “अंगणात माणसं कावून न्हाईत? नेलं का? थांबला न्हाईत तुमी माज्यासाटी?”

समोरच्या ओट्यावर विमलबाई झाडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. ऋतुजा हातातलं फडकं खाली ठेवेपर्यंत राम तिला ओलांडून, उंबरा ओलांडून आत गेला आणि त्याच्या पाठोपाठ यशोधरा. जिथं माणूस गेलंय, त्या घरात कुणी विचारून जात नाही.

आत आप्पा खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते.

यशोधरानं भिंतीला हात लावला. आप्पांची बशी तोंडाजवळच राहिली. त्यांनी आधी रामचं डोकं बघितलं, मग मिशीची जागा. बाप जिवंत असताना मिशी उतरवलेला मुलगा त्यांच्या पुढ्यात उभा होता. बशी खाली ठेवताना चहा सांडला.

“हिकडं ये,” ते म्हणाले.

राम गुडघ्यांवर बसला. आप्पांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पाठीमागून पुढं, वस्तरा कसा फिरलाय ते बघावं तसा. कानाच्या वर रक्ताची बारीक रेघ वाळली होती. तिथं त्यांचं बोट थांबलं.

“कुठं काढलंस?”

“मांजरसुंब्याला. गाडी थांबलती.” राम आता हमसत होता. “म्हटलं तुमी सांगून ठिवलं असंल, ह्याला तिरडीला हात लावू देऊ नका. डोकं काढून आलेल्या लेकाला कोण हटकत न्हाई. म्हणून आधीच काढलं, आप्पा.”

“आन् मिशी बी?”

“मिशी बी.”

बायनाबाई चुलीपासून धावत आल्या. त्यांनी डोकं बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड दाबलं. “आरं, खोटं होतं ते! कावळा शिवलता, म्हणून! माघारी सांगितलं की तुला! तेच तर धाडलं पुन्यांदा!”

“काय माघारी? तू पुन्यांदा तेच धाडलंस. मी गाडी थांबंल तिथं फोन चालू करून बघितलं. परत्येक डाव आप्पा मेलेलेच.” त्यानं फोन काढून चालू केला आणि ऋतुजापुढं धरला. “हे बघ. तुझंच काम हाय न्हवं हे?”

पानावर आप्पांचा टोपीतला फोटो होता. निधन. अंत्यविधी उद्या सकाळी.

ऋतुजाला एका क्षणात कळलं काय झालं ते. आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला तिनं हे बजावलेलं होतं. पान पुन्हा पुन्हा बनवावं लागू नये म्हणून यंत्र त्याची एक प्रत साठवून ठेवतं. मागच्या दारानं आत आलेल्याला ताजं पान दिसतं. बाहेरून येणाऱ्याला साठवलेलं, जुनं. म्हणून बदल केला की साठवण रिकामी करायची आणि एकदा बाहेरून बघून घ्यायचं. ती आत होती. तिनं आतूनच बघितलं. राम बाहेर होता.

“कॅश साफ करायची राहिली,” ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला.

“पैशाचं काय मधीच?” बायनाबाई रडत म्हणाल्या.

“पैसा न्हाई, आई. साठवण. माझ्याकडनं राहिली. मला आतनं नवं दिसत होतं, त्याला भाएरनं जुनंच दिसलं.”

आप्पा हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, “लिवलंय काय त्यात? वाच.”

“आप्पा, राहू द्या.”

“वाच म्हणतो न्हवं. माजीच हाय ना बातमी.”

तिनं फोन घेतला आणि वाचलं. ऊर्फ आप्पा. अल्पशा आजाराने. आप्पा मान हलवत होते, कारखान्यात कुणी पावती वाचून दाखवताना हलवायचे तसे. “त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा,” ती म्हणाली आणि थांबली. नेम नसता तर एक शब्द गाळून पुढं जाता आलं असतं. “सून, मुलगी असा परिवार आहे.”

“सून कुणी लिवलं?”

“मी.”

“खोटं लिवलंस.”

“मरण खोटं होतं, आप्पा. सून खरी हाय.”

खोलीत पहिल्यांदाच सगळ्यांनी यशोधराकडं बघितलं. ती दाराच्या आत दोन हातांवर उभी होती, प्रवासानं चुरगळलेलं पांढरं लुगडं, हातात फुलांचा एक पुडा, पानात बांधलेला. तिनं नजर खाली केली नाही.

आप्पांनी उंबऱ्याकडं बघितलं, मग तिच्या पायांकडं. ऋतुजाला वाटलं, आता. आता हे म्हातारं माणूस काहीतरी पुटपुटेल, चहा टाक म्हणेल, आणि सगळं मागं पडेल. लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला होता ना त्यांनी.

“उलटं केलंस, बाई,” आप्पा म्हणाले. “मरण खरं हाय. सून खोटी हाय.”

ते खाटेवरून उठले. खोकला आला, त्यांनी तो उभ्यानं संपू दिला. मग भिंतीच्या आधारानं यशोधराच्या शेजारून गेले, उंबरा ओलांडला आणि अंगणात तुळशीजवळ उघड्या जमिनीवर दक्षिणेला तोंड करून बसले. टोपी आतच राहिली.

“मी बोललो होतो,” ते घराकडं न बघता म्हणाले. “ती आत आली की माजं मढं भाएर जाईल. गेलं.”

बायनाबाई त्यांच्या पायाशी जाऊन बसल्या. “आवो, उठा की. लोक बघत्यात. दोष गेला ओ, पोरगं रडलं, दोष गेला!”

“लेकानं डोकं काढलं, मिशी काढली, बायको पांढरं नेसून आली. आता काय ऱ्हायलं? काटा झाला.”

“केस येत्याल की माघारी!”

“केस येत्याल.”

विमलबाई झाडू टाकून फाटकापर्यंत आल्या होत्या आणि पुढं यावं की मागं जावं ते त्यांना कळत नव्हतं. श्रावणाचं ऊन होतं, ढगाआडून येणारं, डोळ्यांना त्रास देणारं. आप्पांच्या डोक्यावर, खांद्यावर बारीक राख उतरत होती, रोज उतरते तशी. ऋतुजानं टोपी आणून त्यांच्या पुढ्यात धरली. त्यांनी घेतली नाही.

“ती आत हाय तवर मी आत येनार न्हाई,” ते म्हणाले. हे ऋतुजाला उद्देशून नव्हतं आणि आवाजात रागही नव्हता. आकडा सांगावा तसं सांगितलं.

राम दारात आला. त्याचं रडणं थांबलं होतं. त्यानं बापाकडं बघितलं, बापाची छाती वरखाली होताना बघितली, आणि यशोधराला म्हणाला, “चल.”

“राम,” बायनाबाई ओरडल्या, “घोटभर पाणी तरी!”

“कुणाचं पाणी, आई? दुखवट्याच्या घरी पाणी पीत न्हाईत.”

यशोधरा ऋतुजापाशी थांबली. तिनं फुलांचा पुडा कुठं ठेवावा असं इकडंतिकडं बघितलं आणि शेवटी तिच्या हातात दिला.

“वहिनी,” ऋतुजा म्हणाली. शब्द पहिल्यांदाच तोंडात आला होता आणि जिभेला जड लागला. “माझी चूक झाली.”

“मी येणार नव्हते,” यशोधरा म्हणाली. तिचा आवाज अगदी हलका होता, खाटेवरच्या रुग्णाशी बोलावा तसा. “ह्यांना म्हटलं, तुम्ही जा, माझ्यामुळं मातीत तमाशा नको. मग ते पश्चात वाचलं. त्यात मी होते. खाली ‘श्रद्धांजली वाहा’ अशी चौकट होती. मी गाडीत बसून लिहिलं त्यात. ‘आपला संदेश पोहोचला’ असं आलं. तुम्ही वाचलं का?”

ती चौकट टेम्प्लेटातली होती, नुसती दिसायला. तिच्यामागं ऋतुजानं अजून काहीच जोडलं नव्हतं. बटण दाबलं की पोहोचलं म्हणायचं आणि लिहिलेलं कुठंच ठेवायचं नाही, एवढंच त्या चौकटीला येत होतं.

“पोचलं न्हाई,” ऋतुजा म्हणाली. “ते कुठंच जात न्हाई. काय लिहिलं होतं, वहिनी? मला सांगा. मी सांगते आप्पांना.”

यशोधरानं मान हलवली. “ते मेलेल्या माणसाला लिहिलं होतं. जित्याला सांगण्यासारखं नाही.”

राम अंगणातून जाताना आप्पांजवळ वाकला. हात पायांपर्यंत गेला, आप्पांनी पाय आत ओढून घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही.

“मातीला येतो म्हनलास, आलास,” आप्पा म्हणाले. “बोलल्यापरमानं वागलास. आता जा. आन् मातीहून जाताना मागं बघत न्हाईत, एवढं ध्यानात ठिव.”

राम गेला. रिक्षात बसताना, कोपऱ्यावर वळताना, एकदाही त्यानं मागं बघितलं नाही. बायनाबाई फाटकाची सळई धरून तो वळेपर्यंत वाट बघत राहिल्या. मग आप्पा उठले, अंगावरची राख झटकली, न्हाणीत जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि आत आले.

ऋतुजानं त्याच सकाळी साठवण रिकामी केली. बाहेरून बघितलं, अनोळखी माणूस बघेल तसं. आप्पा सुखरूप आहेत. दादा, तू घरी ये. ज्यानं बघायचं तो आता ती लिंक उघडणार नव्हता.

आप्पा अजून आहेत. खोकतात, चहा बशीतूनच पितात. रामचे केस वाढलेही असतील. बायनाबाई आप्पांना वाढतात, पण वाढून झालं की आत निघून जातात. पूर्वी समोर बसायच्या. अंगणात कावळा आला की त्याला हाकलत नाहीत, बोलावतही नाहीत. चातुर्मास संपल्यावर ऋतुजानं त्या नेमाचं उद्यापन केलं नाही. नेम मोडला की पाळला, हे तिला देवापुढंही ठरवता आलं नाही.

सुंदररावांचं पान दिवाळीच्या सुमाराला सुरू झालं. त्यांनी फोन करून कौतुक केलं. “वेलांट्या झकास आल्यात बरं का, ताई. आन् ती शोकसंदेशाची चौकट, लोक लई लिवायलेत त्यात.” ती चौकट ऋतुजानं सगळ्यात आधी जोडली होती. आलेला प्रत्येक शब्द आता कुठंतरी जाऊन राहतो.

“एक मात्र बघा,” सुंदरराव म्हणाले, “पश्चातचा रकाना सक्तीचा ठिवू नका. घराघरात भांडणं असत्यात. कुणाला कुणाचं नाव नको असतं. मोकळा सोडू द्या ज्याला सोडायचा त्याला.”

तिनं सक्ती काढली. पण मोकळ्या रकान्यात काय भरायचं ते कळावं म्हणून फिकट अक्षरांत एक उदाहरण द्यावं लागतं, ते तिनं लिहिलं: पत्नी, मुलगा, सून, मुलगी. रकाना भरायला कुणी बसलं की ते आधी दिसतं, ‘सू’चा उकार न कापता, पूर्ण. भरणाऱ्यानं पहिलं अक्षर उमटवलं की नाहीसं होतं.